चेक परत आला, दिवस मोजा

द्राक्षं व्यापाऱ्याच्या गाडीत भरून गेली, हातात चेक पडला आणि आठवड्याने तोच चेक एका चिठ्ठीसह बँकेतून परत आला : 'खात्यात पुरेशी रक्कम नाही'. ही चिठ्ठी, म्हणजे रिटर्न मेमो, जपून ठेवा. पुढची सगळी तक्रार तिच्यावर उभी राहते.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातलं कलम १३८ लागू झालं १९८९ साली. तेव्हापासून देणं फेडायला दिलेला चेक असा परत येणं फौजदारी कक्षेत आलं. मात्र मुदतींचा हिशेब कडक आहे. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तरीही पैसे नाहीत, तर त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. 'देतो, देतो' या शब्दावर विसंबून माणसं हीच मुदत घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

चेक आपल्या खात्यात भरला असेल तर तक्रार आपल्याच शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात होते. २०१५ च्या दुरुस्तीने व्यापाऱ्याच्या गावचे खेटे वाचवले. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मेमो मिळाला की त्याच आठवड्यात वकिलाला भेटा आणि नोटिशीची पोस्टाची पावती सांभाळून ठेवा.