सायकलवरून उतरा

श्रोतेहो, वाई ते धोम हा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे सायकलींचे घोळके या रस्त्याला लागलेले दिसतात, तेव्हा मन भरून येतं. पण ही तरुण मंडळी वाईतून सुटतात ती थेट धोम धरणापाशीच थांबतात. किती मिनिटांत पोचलो ते बघतात, फोटो काढतात, परत फिरतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे : बाळांनो, मध्ये उतरा.

वाईतल्या ढोल्या गणपतीपासूनच सुरुवात करा. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. दर्शन सगळेच घेतात. पण मागे जाऊन भिंत कोण बघतं? ती माशाच्या आकाराची आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर येऊन दुभंगावा आणि देऊळ वाचावं, म्हणून. सायकलवर बसून हे दिसायचं नाही.

पुढे तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट बघायला गावात वळावं लागतं. घाटावर मेणेश्वराचं देऊळ, आणि तिथेच टांगलेली पोर्तुगीजांची भली थोरली घंटा! चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. हात लावून बघा.

असं बघा, पंगत बसली आहे. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, सगळं निगुतीनं वाढलंय. आणि पाहुणा नुसता वरणभात भराभर जेवून हात धुवायला उठला, तर वाढणाऱ्या माउलीला काय वाटेल? धरण हा या रस्त्यावरचा भात. पोट त्यानंच भरतं, मान्य. पण चव मेणवलीच्या चटणीची! आणि धोमचं नरसिंहाचं देऊळ म्हणजे शेवटचा गोड घास. तो वाढायला येईतो तुम्ही पानावरून उठलेले असता.

त्या देवळाच्या आवारात दगडी कुंड आहे आणि कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंड पाण्यानं भरलं की कासव तरंगतंय असंच वाटतं. मग खुशाल तलावाकडे जा. पश्चिमेला कमळगड दिसेल. त्याच्या एका अंगाला वाळकी, दुसऱ्या अंगाला कृष्णा. या दोन खोऱ्यांविषयी, जोर गावापर्यंत जाणाऱ्या वाटेविषयी खूप सांगायचं होतं, पांडवगड तर राहूनच गेला. पण समोरचं घड्याळ आता थांबू देत नाही.

म्हणून तेवढंच पुन्हा सांगतो. वेग वाढवायला मोठे रस्ते पुष्कळ आहेत. येत्या रविवारी मेणवलीच्या फाट्याला आत वळा, सायकल भिंतीला टेकवा आणि घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जा.