मुरूडच्या उन्हात गोल्ड की पोर्ट्रा?

मुरूडला जाताना कोडॅक गोल्ड 200 घेऊ की महागडा पोर्ट्रा 400, असं बरेच जण विचारतात. मी विचारतो, रोल ठेवणार कुठे? प्रोफेशनल फिल्म रंग नेमके जुळलेले असतानाच बाजारात येते. म्हणून ती थंड ठेवायची, काढून झाली की लगेच धुवायला द्यायची. गोल्ड मात्र दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने पडून राहणार, हे धरूनच बनवलेली. मे महिन्यात चार दिवस बॅगेत फिरणार असाल तर गोल्डच बरी. राजपुरीच्या शिडाच्या होड्या तिच्यात झकास दिसतात. चेहऱ्यांना मात्र पोर्ट्राच. गोल्ड जरा पिवळट झुकते. आणि हो, फ्रीजमधला रोल काढल्यावर तासभर डबी उघडू नका, आपल्या दमट हवेत आत ओल धरते.