ओझे, चाक आणि हस्तांतरण : स्पर्धेतील यंत्रमानवाच्या गाड्याचे अर्थशास्त्र

(रायपूर येथील चौबे कॉलोनीत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंत्रमानवांच्या स्पर्धेची चर्चा होते तेव्हा लक्ष जाते ते मोटारी, संवेदक आणि संगणकीय आज्ञावलीकडे. तो यंत्रमानव कार्यशाळेतून स्पर्धेच्या मैदानापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः अनेक महिन्यांचे श्रम त्या प्रवासात टिकतात की वाया जातात, हे चार चाकांच्या एका साध्या हातगाड्यावर अवलंबून असते. हा गाडा कसा असावा याचा विचार करू लागताच देशाच्या मालवाहतुकीचा प्रश्न लहान आकारात समोर उभा राहतो. म्हणूनच तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही अभ्यासण्याजोगा आहे.

स्पर्धेची पार्श्वभूमी

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची रोबोकॉन ही स्पर्धा 2002 मध्ये टोकियो येथे सुरू झाली. 2008 आणि 2014 या दोन्ही वर्षी तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली. 2008 च्या स्पर्धेचा विषय तर गोविंदा आणि दहीहंडी यांवर आधारलेला होता. अलीकडच्या अनेक स्पर्धांत एका संघाच्या यंत्रमानवांचे एकत्रित वजन 50 किलोग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले आहे. शालेय स्तरावर नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष मोहिमेने 2016 पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्यास आरंभ केला. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या प्रयोगशाळेस 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद होती. पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये अशा 50,000 प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. यंत्र बनवणारे हात वाढत आहेत. यंत्र वाहून नेण्याचे ज्ञानही त्याच वेगाने वाढणे आवश्यक आहे.

खर्च कोठे होतो?

समजा, चौबे कॉलोनीतील विद्यार्थ्यांचा एक संघ आपला यंत्रमानव घेऊन रेल्वेने पुण्यास निघाला. नागपूरमार्गे हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. मात्र या लांब टप्प्यात यंत्राला फारसा धोका नसतो. ते डब्यात स्थिर असते. धोका असतो तो काही शे मीटरांत. कार्यशाळेतून टेम्पोत, टेम्पोतून स्थानकाच्या आवारात, तेथून फलाटावर, फलाटावरून डब्यात आणि पुण्यात उतरल्यावर हाच क्रम उलटा. एका बाजूच्या प्रवासात यंत्र किमान सहा-सात वेळा उचलावे आणि ठेवावे लागते. प्रत्येक वेळी एखादी तार सुटते, एखादा सांधा वाकतो, नाहीतर कोणाच्या तरी पाठीत कळ येते.

मालवाहतुकीचे मूलतत्त्व ते हेच. खर्च आणि हानी यांचा मोठा वाटा अंतरात नसतो, तो हस्तांतरणात असतो.

या तत्त्वाचे उदाहरण छत्तीसगडच्या इतिहासातच आहे. नागपूरपर्यंत रुंदमापी रेल्वे 1867 मध्ये आली होती. 1880 नंतर नागपूर ते राजनांदगाव असा जो लोहमार्ग उभारला गेला, तो मात्र मीटरमापी होता. परिणामी छत्तीसगडचे धान्य नागपुरात एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने हा मार्ग रुंदमापी केला आणि पुढे बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंत नेला. नागपूर आणि राजनांदगाव यांमधील अंतर पूर्वीइतकेच राहिले. मधले एक हस्तांतरण तेवढे नाहीसे झाले.

जागतिक व्यापारातही हेच घडले. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल चढवण्यास टनामागे साडेपाच डॉलरांहून अधिक खर्च येत असे. पेटीबंद मालासाठी तो 16 सेंटच्या आसपास आला. जहाजाचा वेग वाढला नव्हता. माल एकदाच पेटीत भरला गेला आणि पुढे केवळ पेटी हलली.

गाड्याची रचना

यंत्रमानवाच्या गाड्याचा पहिला नियम यातूनच निघतो : यंत्र उचलू नये, पाट उचलावा. यंत्रमानव एका मजबूत लाकडी पाटावर पट्ट्यांनी घट्ट बांधावा आणि पाटाला चार मुठी असाव्यात. 50 किलोग्रॅमचे यंत्र आणि 10 किलोग्रॅमचा पाट धरला, तर चौघांपैकी प्रत्येकावर 15 किलोग्रॅम भार येतो. शिवाय उचलणारा हात यंत्राच्या नाजूक भागाला लागत नाही. हा पाट गाड्यावरही बसावा, टेम्पोतही मावावा आणि मैदानावरील कामाच्या टेबलावरही राहावा. प्रमाणीकरण ते हेच.

दुसरा प्रश्न रुंदीचा. सामान्य दरवाजातून निघायचे असेल तर गाड्याची रुंदी 75 सेंटिमीटरच्या आत हवी. मुठी, बिजागऱ्या आणि बाहेर आलेली चाके यांसह ही रुंदी मोजावी. कार्यशाळेतच जोडलेला गाडा कार्यशाळेच्याच दारात अडकणे हा नियोजनाच्या अभावाचा नमुना होय.

तिसरा प्रश्न चाकांचा. समजा, गाड्याचे एकूण वजन 100 किलोग्रॅम आहे आणि पुढील दोन चाकांवर त्यापैकी 50 किलोग्रॅम भार येतो. वाटेत 2 सेंटिमीटर उंचीचा उंबरठा लागला. चाकाचा व्यास 10 सेंटिमीटर असेल, तर स्थिर अवस्थेतून तो उंबरठा ओलांडण्यास सुमारे 67 किलोग्रॅम वजनाइतका आडवा जोर लावावा लागतो. व्यास 20 सेंटिमीटर केला की हाच जोर सुमारे 37 किलोग्रॅमवर येतो. 1 : 12 च्या उतारावर, घर्षण वगळता, 100 किलोग्रॅमचा गाडा वर ढकलण्यास सुमारे 8 किलोग्रॅमचा जोर पुरतो. म्हणजे गाडा अडतो तो चढावर नव्हे, लहान अडथळ्यावर. चाकाच्या आकारात केलेली थोडी गुंतवणूक प्रत्येक उंबरठ्यावर परतावा देते. दोन चाके स्थिर आणि दोन वळणारी, ब्रेकसह, ही मांडणी बहुतेक कामांस पुरेशी ठरते. चारही चाके वळणारी असतील तर अरुंद जागेत सोय होते, पण उतारावर गाडा एका बाजूस घसरू लागतो.

चौथा प्रश्न स्थैर्याचा. तळाची रुंदी 60 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य 90 सेंटिमीटर उंचीवर असेल, तर गाडा सुमारे 18 अंश कलताच उलटतो. बॅटऱ्या आणि अवजारांची पेटी खालच्या कप्प्यात ठेवून गुरुत्वमध्य 60 सेंटिमीटरवर आणला, तर हा कोन सुमारे 27 अंश होतो. एक पैसाही खर्च न करता, केवळ मांडणी बदलून सुरक्षितता वाढते.

पोलाद की ॲल्युमिनियम?

छत्तीसगडच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न घरचाच वाटावा. भिलाईचा पोलाद कारखाना 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 1959 मध्ये झाले. कोरब्याला ॲल्युमिनियम तयार होते. 25 मिलिमीटर चौकोनी आणि 2 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पाइपाचे वजन मीटरला सुमारे 1.4 किलोग्रॅम भरते. तशाच ॲल्युमिनियम पाइपाचे अर्धा किलोग्रॅम. गाड्याला 10 मीटर पाइप लागला, तर 9 किलोग्रॅमहून अधिक फरक पडतो. तथापि पोलादाचा सांधा गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानात जोडून मिळतो. ॲल्युमिनियमसाठी वेगळे यंत्र आणि वेगळे कसब लागते. स्पर्धेच्या आदल्या रात्री परक्या शहरात सांधा तुटला, तर दुरुस्ती कोठे होईल, हा विचार खरेदीच्या वेळीच व्हावयास हवा. शूमाकर या अर्थतज्ज्ञाने 1973 मध्ये ज्या मध्यम तंत्रज्ञानाचा पुरस्कार केला, त्याचा व्यावहारिक अर्थ हाच आहे.

हिशेबाची दृष्टीही तशीच हवी. गाड्यास 12,000 रुपये खर्च आला आणि तो चार वर्षांत बारा प्रवासांस वापरला गेला, असे मानले तर प्रत्येक प्रवासामागे 1,000 रुपये पडतात. एका खेपेत मोटार किंवा नियंत्रक मंडल निकामी झाले, तरी याहून मोठी रक्कम जाऊ शकते. शिवाय तुटलेली वस्तू परक्या गावी वेळेत मिळत नाही, ही हानी हिशेबात येतच नाही. साधनसंपन्न संघ सुटे भाग दुप्पट घेऊन येतो; ज्या संघाजवळ एकच मोटार आहे, त्याचे भवितव्य गाड्यावर ठरते. म्हणून चांगला गाडा ही गरीब संघाची अधिक मोठी गरज आहे.

राष्ट्रीय संदर्भ

हाच विचार देशाच्या पातळीवर पीएम गतिशक्ती राष्ट्रीय बृहत् आराखडा (ऑक्टोबर 2021) आणि राष्ट्रीय मालवाहतूक धोरण (सप्टेंबर 2022) यांमागे आहे. रस्ता, रेल्वे, बंदर आणि गोदाम यांच्या सांध्यावर होणारा विलंब कमी करणे, हा त्यांचा गाभा. जागतिक बँकेच्या मालवाहतूक कामगिरी निर्देशांकात भारत 2018 मध्ये 44 व्या स्थानी होता. 2023 मध्ये तो 139 देशांत 38 व्या स्थानी आला. मालवाहतुकीचा खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 13 ते 14 टक्के असल्याचे दीर्घकाळ सांगितले जात असे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत अभ्यासाने 2023-24 साठी तो 7.97 टक्के असल्याचा अंदाज दिला. परीक्षार्थींनी हे दोन आकडे एकाच पद्धतीने काढलेले नाहीत, हे ध्यानात ठेवावे. त्यांची वजाबाकी करून खर्च तेवढा घटला, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

या आकड्यांत एक घटक दिसत नाही, तो म्हणजे ओझे वाहणारा माणूस. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने एकट्याने वाहावयाच्या ओझ्यासाठी 55 किलोग्रॅमची मर्यादा सुचवली. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम केला. पाठीवरचे पोते हेही एक हस्तांतरणच आहे आणि त्याची किंमत मणक्याने मोजली जाते. बाजार समितीच्या धक्क्याची उंची ट्रकच्या फळीशी जुळवणे, गोदामाच्या दाराशी उतार करणे, हाती चांगल्या चाकाचा गाडा देणे, या उपायांना मोठ्या भांडवलाची गरज नसते. यंत्रमानवासाठी गाडा बनवणाऱ्या विद्यार्थ्याने उंबरठा आणि चाक यांचे जे गणित मांडले, तेच गणित येथे लागू पडते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी कोणत्याही योजनेचा अभ्यास करताना किती किलोमीटर रस्ता झाला, एवढ्यावर न थांबता माल वाटेत किती वेळा उचलावा लागतो, हा प्रश्नही विचारावा. आणि ज्यांच्या हाती यंत्र घडवण्याचे काम आहे, त्यांनी गाड्याचा आराखडा अखेरच्या आठवड्यावर न ढकलता यंत्राच्या पहिल्या आराखड्याबरोबरच कागदावर उतरवावा.