शिकवणाऱ्याचे शिक्षण



कामगार चळवळीतल्या माणसाने इंग्रजीच्या मास्तरांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही मालकाला पहिला प्रश्न विचारतो : हे चालवायला माणसाला शिकवणार कोण, आणि कोणाच्या वेळात? तोच प्रश्न आज मी शाळेच्या दारात उभा राहून विचारतो आहे.

महाराष्ट्र सरकारने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. तो निर्णय बरा की वाईट, हा वाद येथे नको. तो अंमलात आणायचा होता प्राथमिक शिक्षकांनी. त्यांतील कित्येकांचे स्वतःचे इंग्रजी पाचवीत सुरू झालेले, आणि ते बोलण्याचा प्रसंग क्वचितच आलेला. त्यांची तयारी करायची कशी? सरकारी उत्तर ठरलेले असते : शिबिर.

ही तऱ्हा जुनी आहे. १९६० च्या सुमारास मद्रास राज्यात सुमारे २७,००० शिक्षकांना नव्या पद्धतीने इंग्रजी शिकवण्यास तयार करण्याची मोहीम निघाली. तज्ज्ञांनी थोड्यांना शिकवायचे, त्यांनी पुढच्यांना, पुढच्यांनी आणखी पुढच्यांना. घरंगळता बर्फाचा गोळा मोठा होत जातो, म्हणून या मोहिमेला बर्फाच्या गोळ्याचेच नाव पडले. आपल्याकडे देशावर बर्फ पडत नाही; आपल्याला पाटाचे पाणी कळते. धरणापाशी पाट तुडुंब वाहतो, आणि टोकाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला नुसती ओल येते. शिबिरांचेही तसेच होते. टोकाच्या शाळेतल्या बाईंच्या हाती पुस्तिका येते. पण वर्गातले पोर गप्प बसले तर काय करावे, हे पुस्तिका सांगत नाही.

डॉ. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत इंग्रजी शिकवण्याचे मोठे प्रयोग केले. इतके करून १९९० साली त्यांनी लिहिले, की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नाही. आपल्या शिकवण्यातून मुलाला भाषा कशी येते, याची शिक्षकाची स्वतःची समज जिवंत हवी. ती मेली, की उरतो रोजचा रतीब.

मग समज जिवंत राहते कशाने? कामगाराला विचारा. हाताखालचे पोर यंत्र शिकते ते शेजारच्या जाणत्या कारागिराकडून. महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी २०१६ साली 'तेजस' नावाचा उपक्रम सुरू केला, त्यातही हेच तत्त्व होते. जवळपासच्या शिक्षकांनी छोट्या गटात नियमाने जमावे, इंग्रजीतून बोलावे, वर्गात काय केले ते सांगावे, नवे काही करून पाहावे आणि पुन्हा जमावे. ही मला ओळखीची गोष्ट वाटते. आमची अभ्यासमंडळे अशीच चालत.

पण मंडळी, जमायला वेळ लागतो. तो रविवारचा, घरसंसारातून काढलेला का असावा? शिकणे हा कामाचाच भाग आहे. तो कामाच्या वेळात आणि पगारी असला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याचे २००९ चे कलम २७ सांगते, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपू नये. आणि सोबत्याने येऊन तास पाहावा, तो तपासनीस म्हणून नव्हे. जेथे चूक दिसली की शेरा पडतो, तेथे माणूस चूक झाकायला शिकतो.

आपण पालक मंडळी इंग्रजीच्या ओढीने मुलांना मराठी शाळेतून काढतो. ज्याच्याकडे फी भरायला पैसा नाही, त्याचे मूल तेथेच राहते, आणि त्याला मिळणारे इंग्रजी त्याच्या बाईंना मिळालेल्या संधीएवढेच असते. म्हणून पुढच्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाल, तेव्हा भिंतींच्या रंगाबरोबर एवढेही विचारा : आमच्या शिक्षकांना या महिन्यात एकत्र बसून शिकायला किती तास मिळाले?

उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा. आमच्या चळवळीत यालाच मागणी म्हणतात.