खुणांची भाषा आणि मराठी कळफलक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पावणेदोनशे वर्षांपूर्वी मराठी लिहिणाऱ्याला स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांची फारशी ओळख नव्हती. मोडीची ओळ सलग धावायची. कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याने ओळखायचे. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून या परक्या खुणा मराठीत कशा वापराव्यात ते सांगितले. आज अशाच दुसऱ्या खुणांविषयी बोलायचे आहे. या खुणा माणसाला नव्हे, संगणकाला वाचता याव्यात म्हणून मजकुरात घालतात.

मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो मीडियाविकी नावाच्या प्रणालीवर चालतो. समजा, आपल्या समुद्रपूरच्या एखाद्या शिक्षकाला तिथे तालुक्याची माहिती लिहायची आहे. गिरडच्या टेकडीवरचा शेख फरीद बाबांचा दर्गा, हैदराबाद आणि चंद्रपूरकडे रस्ते फुटतात ते जाम, कापूस, सोयाबीन. लिहायला पुष्कळ आहे. ‘समुद्रपूर’ हा शब्द ठळक दिसायला हवा असेल तर त्याच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे द्यायची. ‘वर्धा’ या शब्दावरून वर्ध्याच्या पानावर जाता यावे म्हणून तो दुहेरी चौकटी कंसात टाकायचा. उपमथळ्याला दोन्हीकडे दोन-दोन बरोबरची चिन्हे, यादीला चांदणी. खुणा एवढ्या सोप्या आहेत.

मग अडते कुठे? अडते कळफलकावर. इनस्क्रिप्ट ही सरकारने मानक ठरवलेली मांडणी. तीत चौकटी कंसाच्या कळीवर ‘ड’ बसवला आहे, अवतरणचिन्हाच्या कळीवर ‘ट’. शिक्षकाने सांगितल्याप्रमाणे तीनदा कळ दाबली की पडद्यावर उमटते ‘टटट’, आणि कंसाच्या जागी ‘डड’! बरोबरच्या चिन्हाऐवजी ऋकार येतो आणि चांदणीऐवजी ‘श्र’. या खुणांच्या पुस्तिका बहुधा इंग्रजीवरून उतरवल्या जातात. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही अडचण कधी आलीच नाही, मग मुळात ती कुठून असणार? भाषांतर शब्दशः बिनचूक असते आणि वाचणाऱ्याचा पहिलाच प्रयत्न फसतो. वाईट याचे वाटते, की तो पुस्तिकेला दोष देत नाही. ‘आपल्याला हे जमायचे नाही’ म्हणतो आणि उठतो. गिरडविषयी जे त्यालाच ठाऊक होते, ते लिहायचे राहून जाते.

म्हणून अशी पुस्तिका सुधारायची तर ती कळफलकासमोर बसून सुधारावी, असे माझे मत आहे. कुठल्या मांडणीत कोणती खूण कशी उमटते, याचा तक्ता पहिल्याच पानावर हवा. ध्वन्यनुसारी मांडणीने, म्हणजे रोमन अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहिणाऱ्याला कंस सहज मिळतात. त्याला हे सांगून थकवू नये.

खुणांच्या पुस्तिकेला आणखी एक गंमतीची अडचण असते. स्वयंपाकाच्या पुस्तकात ‘मीठ घाला’ लिहिल्याने पुस्तक खारट होत नाही. इथे मात्र होते! तीन अवतरणचिन्हे दाखवायला गेलो, की संगणक ती आज्ञा समजून अक्षर ठळक करतो आणि चिन्हे गिळून टाकतो. मग ‘नोविकी’ नावाची वेगळी खूण घालून त्याला सांगावे लागते, की बाबा, एवढ्यापुरते ऐकू नकोस, नुसते दाखव. पुस्तिकेत फेरफार करताना ही खूण चुकून पुसली गेली, तर उदाहरणच नाहीसे होते. सुधारलेले पान जतन केल्यावर पुन्हा वाचायला हवे ते एवढ्यासाठी.

काही आज्ञा मात्र अस्सल मराठीत आहेत. पानावर आपोआप येणारी अनुक्रमणिका नको असेल तर ‘अनुक्रमणिकानको’, हवीच असेल तर ‘अनुक्रमणिकाहवीच’, तेही एका शब्दात. त्या ‘हवीच’मधला हट्टाचा ‘च’ मला फार आवडतो. फक्त शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा लागतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळीवर विसर्ग निघतो, म्हणजे तेवढ्यापुरते पुन्हा इंग्रजी कळफलकाकडे वळणे आले. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे वाचकाला वळवण्याची आज्ञा आहे ‘पुनर्निर्देशन’. रफार चुकवून ‘पुर्ननिर्देशन’ लिहिले तरी प्रणाली ते चालवून घेते. एकदा रुळलेले रूप बंद केले तर त्यावर विसंबलेली जुनी पाने मोडतील. पुस्तिकेने मात्र शुद्ध रूपच शिकवावे आणि दुसऱ्याची एका ओळीत नोंद द्यावी.

विकिपीडियावर २०१३ पासून खुणांशिवाय लिहिण्याची सोयही आली. पण जुन्या पानाचा स्रोत उघडला, की कंस समोर येतातच. तिथे बसलेल्या माणसाला निदान एवढे तरी कळावे, की पडद्यावर ‘डड’ उमटले ते त्याच्या चुकीमुळे नव्हे. कळफलक इंग्रजीवर न्यावा, कंस टाकावा, मराठीवर परत यावे आणि ‘वर्धा’ लिहावे.