शर्यतीच्या मोटारीतील आसन

शर्यतीच्या मोटारीतील आसन म्हणजे दिवाणखान्यातली आरामखुर्ची नव्हे. अंगरख्याप्रमाणे ते अंगाच्या मापानेच बेतावे लागते. फॉर्म्युला वनमध्ये चालकाला फुगून घट्ट होणाऱ्या द्रव्याच्या पिशवीवर बसवून त्याच्या पाठीचा ठसा घेतात आणि त्याबरहुकूम आसन घडवितात. आसन सैल असले, तर वळणावर चालक सुकाणूचक्रालाच लोंबकळतो. मग गाडी हाकावी कोणी? फार आवळ असले, तर बरगड्या ठणकू लागतात. म्हणून आसनाची पारख शिरस्त्राण व पूर्ण पोशाख चढवूनच करावी. पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. तो पोटावर सरकलेला असेल, तर आघाताच्या वेळी रक्षण करणारा पट्टाच आतड्यांना इजा करतो. जखमी चालकास आसनासकट उचलून बाहेर काढता यावे, असा दंडक फॉर्म्युला वनने १९९९ साली घातला, तो दुखावलेला मणका हलू नये एवढ्यासाठी.