शेक अर्धवट सोडू नका



महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. अतिसाराने तो घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली. आजाऱ्याला संघाने सांभाळले पाहिजे, ही शिकवण त्यांनी प्रथम स्वतःच्या हातांनी दिली. आज कर्करोगाच्या रुग्णांबाबत आपल्यालाही तेच करायचे आहे.

आपल्या आया-बहिणींना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो, पण लाजेपोटी दुखणे अंगावर काढले जाते. मग डॉक्टर 'शेक' म्हणजे किरणोपचार सांगतात. आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे बाहेरून शेक आणि त्यानंतर आतून शेक, असा हा क्रम असतो. सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपावा लागतो. पंधरा दिवसांत रक्तस्राव थांबला की बाई 'बरं वाटतंय' म्हणून कापूस वेचायला गावी परतते. इथेच घात होतो, कारण उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते.

शेक म्हणजे शेवट, असेही काहीजण समजतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने या रोगाच्या तिसऱ्या टप्प्यातील ८५० स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. नुसता शेक घेतलेल्यांपैकी ४६ टक्के, तर शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध घेतलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात होत्या. उशिरा आलेल्यांची ही गोष्ट आहे. लवकर येणाऱ्यांना याहून अधिक आशा आहे.

बाहेरून शेक घेतलेल्या बाईपासून कोणालाही बाधा होत नाही. तिने लेकरू मांडीवर घ्यावे, तिचे ताट वेगळे मांडू नये. शिवाशिवीचा चटका सोसलेल्या समाजाने तरी आजाऱ्याला दूर बसवू नये.

उपचारासाठी प्रत्येकाला मुंबई गाठावी लागते असे नाही. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. परंतु सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी योजना भरून देत नाही. ती उणीव आपण भरून काढली पाहिजे.

म्हणून माझी विनंती अशी. संस्थेने रुग्णनिधी उभारावा. रुग्णासोबत राहण्यासाठी सभासदांनी आठवड्याची पाळी लावावी. महिला मंडळाने मागे राहिलेल्या लेकरांची भाकरी सांभाळावी. विद्यार्थ्यांनी कागदपत्रे तयार करून द्यावीत आणि शेकाच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. एकही तारीख चुकता कामा नये.

विहारात आपण करुणेचा उच्चार रोज करतो. ती रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचावी, एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!